एक पाऊल, एक खूर

टाकव्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी जी वाडी आहे, तिथं सावळाला दिवसातून कितीदा तरी 'बस' म्हणायचे. पाय गेल्यापासून हे सुरू झालं होतं. तो विहिरीकडं निघाला की, "बस सावळा, हिरा आणंल पानी." देवळापुढं उभा राहिला की, "बस, उभा कशाला ऱ्हातुयास?" माणसं मनानं चांगली होती. चांगल्या माणसांचा हाच त्रास असतो, त्यांना मारायला उठता येत नाही. सावळाला तर नुसतं उठायलाच वेळ लागे.

पाय खंडाळ्याच्या घाटात गेला. पावसाळ्यात घसरलेली दरड उपसायला एक ठेकेदार माणसं नेत असे. त्यात सावळा होता आणि खालच्या गावातला अंबाजी होता. वरून धोंडा आला. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते, त्यामुळं धोंड्याला निवड करायला वाव होता. अंबाजीनं सावळाला खांद्यावर टाकून पावसातून लोणावळ्यात आणलं. डॉक्टरांनी गुडघ्याखाली चार बोटं ठेवून बाकीचा पाय काढून टाकला. शुद्धीवर आल्यावर सावळानं पहिलं काय विचारलं असेल, तर लावणी झाली का.

लावणी अंबाजीनं केली होती. नदीच्या अंगाला सावळाची भाताची दोन खाचरं होती, ती अंबाजी तेव्हापासून निम्म्या वाट्यानं कसू लागला. अंबाजीच्या स्वतःच्या जमिनीचे भावाभावांत इतके तुकडे झाले होते, की औत वळवायचं तर भावाच्या रानात जाऊन वळवावं लागे. त्यामुळं सरकारी भाषेत अंबाजी हा कूळ झाला आणि सावळा जमीनदार झाला. या जमीनदाराजवळ दोन शेळ्या, एक घोंगडी आणि एक पाय होता.

कसणाऱ्याला जमीन देणारा कायदा तेव्हा आलेला होता. मोठमोठ्या जमीनदारांना त्यातून वाटा शोधाव्या लागल्या. सावळाची वाट कायद्यातच लिहिलेली होती. मालक विधवा असेल, अज्ञान मूल असेल किंवा अपंग असेल, तर ती अडचण आहे तोवर कुळाला थांबावं लागे. तलाठ्यानं हे सावळाच्या ओट्यावर बसून समजावून दिलं.

"म्हंजे पाय ग्येला म्हनून शेत ऱ्हायलं," सावळाची बायको हिरा म्हणाली.

"तसंच म्हणायचं," तलाठी म्हणाला.

अंबाजी तिथंच तंबाखू मळत बसला होता. "बरं झालं," तो म्हणाला. त्याला त्या वेळी खरंच बरं वाटलं होतं, असं सावळा पुढं कितीतरी दिवस धरून चालला.

कुबड्या लोणावळ्याच्या तुंगार्लीतून आल्या. तिथल्या बंगल्यांत उन्हाळा काढायला येणाऱ्या बायकांनी एक मंडळ काढलं होतं. त्यांनी एका संध्याकाळी सावळाला बोलावून, हार घालून, कुबड्यांची जोडी दिली. कुबड्या देखण्या होत्या. पॉलिश केलेल्या, वर काखेत गादी, खाली रबरी टोपी. बंगल्यासमोरच्या डांबरी रस्त्यावर सावळा त्यांच्यावर असा काही चालला, की बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि एकीनं डोळे पुसले.

वाडीत डांबर नव्हतं. कुबड्या बेतल्या होत्या त्या कुणा उंच माणसाच्या मापानं, तेव्हा घरी पोचेपर्यंत सावळाच्या दोन्ही काखा सोलून निघाल्या. अंबाजीनं करवतीनं खालून वीतभर कापल्या आणि टोप्या परत बसवल्या. मग आषाढात, चिखलणी झाल्यावर, सावळा त्या घेऊन खाचरात उतरला. उजवी कुबडी गुडघाभर आत गेली. ती उपसायला त्यानं डावीवर जोर दिला, तर डावी मांडीभर गेली. तो तसाच लटकून राहिला. लावणीच्या बायका माना खाली घालून हसल्या, आणि बांधावरून कोंडूआबा ओरडला, "आरं बस, सावळा! बस!" पण बसायचं कुठं, ते त्यानं सांगितलं नाही. ओढून काढल्यावर उजव्या कुबडीची टोपी शेतानं ठेवून घेतली होती.

हा कोंडूआबा सावडीचा कारभारी होता. ज्यांची खाचरं एकमेकांना लागून, त्यांनी आळीपाळीनं एकमेकांकडं लावणी करायची, माणसाचा दिवस माणसाच्या दिवसानं फेडायचा, ही सावड. वाडी आणि गाव बाकी कशात एका ओळीत बसत नसत, पण सावडीत चिखल सगळ्यांना सारखा लागे. कुणाचा दिवस पुरा, कुणाचा अर्धा, हे कोंडूआबा ठरवी. हिराचा पुरा धरत. सावळा बांधावर बसून रोपांच्या मुठी पुढं फेकत असे. त्याचा काहीच धरत नसत, आणि धरत नसून त्याला जेवायला वाढत. पानात भाकरी पडली, की सावळा ती नुसती कुसकरत बसे.

"अर्धा तरी धरा की, आबा," तो एकदा म्हणाला.

"कशाला जिवाला त्रास करून घितुयास? खा तू," आबा मायेनं म्हणाला.

त्या दिवशी सावळा जेवणावरून उठला, म्हणजे उठण्याचा प्रयत्न केला, आणि अंबाजीला म्हणाला, "गड्या, मला चिखलात हुबा कर. मंग मी मेलो तरी चालंल."

अंबाजीचा हात लाकडावर चांगला होता. जू, दिंडं, पाळण्याचे खूर, गावात लागेल ते तो करी. त्यानं पहिल्यांदा कुबडीच्या बुडाला जेवायचा पाट ठोकला. पाट बुडाला नाही. पण चिखलानं तो असा काही धरला, की उचलता उचलेना. सावळा पुढं गेला, पाट मागं राहिला आणि हिराला त्या रात्री जमिनीवर ताट ठेवावं लागलं. शिवाय कुबडीचा मूळचा घोटाळा होताच. लावणीला दोन्ही हात लागतात, आणि कुबडीवरचा माणूस हात तिथंच गहाण टाकून बसतो.

तेव्हा हात मोकळे हवेत हे ठरलं. गुडघा शाबूत होता, तर गुडघाच मुडपून लाकडात बसवायचा. अंबाजीनं शिवणीचा हलका ओंडका आणला, तो पोखरून गुडघ्याला वाटी केली आणि खाली खुंट ठेवला. सावळाचं थोटूक हातात धरून तो अंगठ्यानं दाबून बघे.

"हितं दुखतंय?"

"न्हाई."

"खोटं बोलू नगं. उद्या लाकडाला कळंल."

हिरानं जुनी घोंगडी फाडून त्यात सावरीचा कापूस भरला. मांडीला बांधायला चामड्याचे पट्टे आले. सावळाचं म्हणणं, जेवताना मांडी घालून बसता आलं पाहिजे, दर खेपेला गाठी सोडत बसायचं नाही. म्हणून अंबाजीनं पट्ट्याला एक लाकडी खुंटी केली. ती उपसली की सगळा सांगाडा एका ओढीत सुटून बाजूला. हे सगळं जमलं, पण खाली चिखल तो चिखलच. अरुंद बूड आत जाई, रुंद बूड चिकटून राही.

पुढच्या चिखलणीला सावळा नेहमीप्रमाणं बांधावर बसवलेला होता. अंबाजी रेड्यांची जोड घेऊन खाचरात फिरत होता. रेडे पोटऱ्यांपर्यंत आत जात आणि पाय काढून पुढं टाकत. त्यांना काही कष्ट पडतायत असं दिसत नव्हतं. सावळा बघत राहिला. मग ओरडला, "अंबाजी, रेड्याचा पाय बघ."

"काय झालं त्याला?"

"काय न्हाई झालं. त्येच बघ!"

अंबाजीनं औत थांबवलं, आणि दोन बापई माणसं भर कामाच्या दिवसात रेड्याच्या पायाशी वाकून बसली. खूर टेकला की त्याची दोन बोटं फाकत. उचलताना मिटत, आणि मधून हवा फुस्सकन आत जाई, चिखल पाय सोडून देई. रेड्याला याचं काही वाटत नव्हतं. त्यानं शेपटीनं दोघांच्या तोंडावर चिखल उडवला.

अंबाजीनं बाभळीची दोन बोटं घडवली आणि ती चामड्यानं खुंटाच्या बुडाला जोडली. पहिल्या जोडीत खडे अडकले. दुसरी इतकी फाकली, की सावळा उभ्याउभ्या रुंद होऊ लागला. अंबाजी स्वतःची कामं टाकून येई. त्याची बायको रतनबाई दारात येऊन बोलून जाई, "सोताच्या औताला दांडी न्हाई आन् हितं खुराला बोटं लावत बसलाय!" अंबाजी मान वर करत नसे. श्रावण गेला, वर्ष फिरलं, आणि एका सकाळी सावळा खाचरात उतरला, वाकला, दोन्ही हातांनी रोपं लावत मागं मागं सरकत या बांधापासून त्या बांधापर्यंत गेला. वळून बघितलं तर रोपांची ओळ सरळ होती. मागच्या चिखलात एक पाऊल, एक खूर, एक पाऊल, एक खूर असा माग उमटला होता. अंबाजी बांधावर उभा राहून तो माग बघत होता आणि बाईमाणसासारखा रडत होता.

त्या वर्षीच्या सावडीत कोंडूआबानं सावळाचा दिवस पुरा धरला. लावणी उरकल्याच्या जेवणाला, नदीकाठच्या आंब्याखाली, झाडून सगळे होते. अंबाजीनं सावळाला दंडाला धरून मधे उभं केलं.

"बोल की रं आता. समद्यास्नी सांग. तू लंगडा हायेस का?"

सावळा दारू पीत नसे, पण त्या दिवशी त्याला ती न पिताच चढली होती. त्यानं कंबरेवर हात ठेवले. "मी लंगडा न्हाई! ज्येला वाटत आसंल त्येनं माज्यासंगं खाचरात उतरावं. दिसभर लावीन, आन् त्येला आधी दमवीन!"

लोक हसले, ओरडले, कुणीतरी डबा वाजवला. हिराही पदराआडून हसली. आयुष्यात नवरा असा चारचौघांत बोललेला तिनं प्रथमच ऐकला होता. तलाठीही जेवायला होता, त्यानं आणखी भात मागून घेतला.

राखीपुनवेच्या सुमाराला वडगावहून कचेरीचा शिपाई आला. कागद तलाठ्यानं वाचून दाखवला. अंबाजीचा अर्ज होता. मालकाचं अपंगत्व आता संपलेलं आहे, तो शेतात सर्वांदेखत पुऱ्या माणसाचं काम करतो, सबब कुळाचा हक्क मिळावा. साक्षीदार म्हणून आंब्याखाली जेवलेल्यांची नावं होती.

"परत वाचा," सावळा म्हणाला. तलाठ्यानं परत वाचलं. कागदात काही बदल झाला नव्हता.

सावळा खूर बांधून उतारानं खाली गेला. अंबाजी गोठ्यात वैरण टाकत होता. सावळाला बघून तो आधी खाली, खुराकडं बघता झाला.

"उतारावं जपून यावं. टाच झिजती त्येनं."

"ह्यासाटी केलास व्हय?" सावळानं खूर जमिनीवर आपटला.

"न्हाई."

"मंग?"

"तू हुबा ऱ्हावास म्हनून केला. हुबा ऱ्हायलास. मंग अर्ज केला." अंबाजीनं वैरणीची पेंडी सोडली, परत बांधली. "कायदा काय मी काडला? किती वरसं झाली, नांगर मी धरतुय, बांध मी घालतुय. माज्या पोराबाळास्नी काय ठिवू मी? भावांचं बांध?"

"मला इचारायचं हुतंस."

"तू दिलं आसतंस?"

सावळानं दिलं नसतं.

"आंब्याखाली बोलाया लावलंस मला. तवा ठरलंतं तुजं?"

अंबाजी बराच वेळ रेड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "तवा मला लय आनंद झाल्ता, सावळा," तो म्हणाला. प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलं नाही, आणि दिलेलं उत्तर खोटं होतं असंही सावळाला म्हणता येईना. तो परत फिरला. मागून अंबाजी म्हणाला, "चढावर टोक दाबून टाक." सावळानं ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि टोक दाबून टाकलं.

वडगावचे वकील पानाचे शौकीन होते. त्यांनी सावळाला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"हे बांधून कोर्टकचेरीच्या गावात आलात? शहाणेच आहात. मामलेदारसाहेब जागेवर येऊन पाहणी करणार. त्या दिवसापर्यंत तुम्ही लंगडे. घरात, दारात, झोपेतसुद्धा. लावलंच कुणी चालायला, तर पडा."

"पडू?"

"पडता येतं ना?"

"त्येचीच सवय मोडाया दोन वरसं गेली, साहेब."

"मग परत लावून घ्या," वकील म्हणाले आणि बाहेर पिंक टाकायला गेले.

हिरानं खूर कणगीच्या मागं दडवला. सावळा ओट्यावर बसू लागला. येणारेजाणारे पुन्हा 'बस, बस' म्हणू लागले, फक्त आता म्हणताना डोळ्यांत हसत. खाचरं समोर उताराखाली दिसत. अंबाजी बेणणीला, तण काढायला वाकलेला असला, की सावळा तोंड फिरवून घेई, आणि थोड्या वेळानं पुन्हा तिकडं बघे, कारण भात त्याचंही होतं.

"शेत ऱ्हायलं म्हंजे झालं," हिरा म्हणायची. "पाय काय चुलीत शिजतुया?"

"तुला मी हुबा बरा का बसलेला?"

हिरानं तांदूळ निवडता निवडता विचार केला. "शेताच्या कडंला बसलेला," ती म्हणाली.

गौरी गेल्यावर साहेब येणार असा निरोप आला. आणि नेमका त्याच्या आदल्या रात्री पाऊस सारखा लागून राहिला. सकाळी उजाडताना सावळानं ओट्यावरून बघितलं, तर खालच्या खाचराच्या बांधाला खांड पडली होती. भात पोटरीला आलेलं, आणि पाणी भळाभळा नदीकडं चाललेलं. अंबाजीला गावातून यायला अवकाश होता. हिरा शेरडांकडं गेली होती. वकिलानं सांगितलेलं सावळाला सगळं आठवत होतं. फक्त पाणी वाहून जाताना बघत बसायची कला वकिलानं शिकवली नव्हती.

त्यानं खूर काढला, बांधला आणि उतरला. दगड लावले, चिखलाचे गोळे थापले, वर गवताचा गड्डा दाबून खुरानंच ठोकून घेतला. पाणी थांबलं. घरी येऊन खूर कणगीमागं टाकला. हिरा आली तेव्हा तो ओट्यावर बसलेला होता. तिनं त्याच्या पायाकडं बघितलं आणि तांब्यानं पाय धुतला. नखांतला चिखल निघाला नाही.

दुपारी मामलेदार आले. बरोबर तलाठी, शिपाई, वकील. मागं अर्धं गाव आणि सगळी वाडी. हिरानं सावळाला पाठुंगळीला घेऊन बांधापर्यंत आणलं. ही युक्ती वकिलांची. बायकोच्या पाठीवरून जाणाऱ्या पुरुषाकडं लोक कसे बघतात, ते सावळानं त्या दिवशी पुरतं बघून घेतलं. पोरांनी 'घोडा, घोडा' केलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

मामलेदार शांत माणूस होते. छत्री काठीसारखी टेकत बांधावरून चालता चालता ते थांबले.

"हे काय?"

ओल्या बांधावर माग होता. स्वच्छ, सकाळचा.

"रेडा गेला असेल, साहेब," वकील म्हणाले.

मामलेदारांनी छत्रीच्या टोकानं दाखवलं. "हा रेड्याचा पाय. हा माणसाचा. हा रेड्याचा. हा माणसाचा." ते तलाठ्याकडं वळले. "तुमच्या सजाच्या गावांत असं जनावर आहे?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात अंबाजी पुढं आला, उकिडवा बसला आणि मागातल्या एका खुरात त्यानं बोट घालून बघितलं. दुसऱ्यात घातलं. मग तो मान वर करून बोलला, पण साहेबांशी नाही, सावळाशी.

"डाव्या बोटाचा पट्टा सैल झालाय की रं. तसाच चाललास? मोडला आसता तर पडला आसतास."

ते बोलणं दावेदाराचं होतं की घडवणाऱ्याचं, हे सावळाला त्या वेळी कळलं नाही. पुढंही कधी कळलं नाही. अंबाजीलाही ते कळलं असेल असं वाटत नाही, कारण बोलून झाल्यावर तो बोटाला लागलेला चिखल धोतराला पुसत राहिला.

"सावळा, हा माग तुमचा?" मामलेदारांनी विचारलं.

"न्हाई, साहेब." स्वतःचं पाऊल समोर पडलेलं असताना त्यानं ते नाकारलं.

साहेबांनी कोंडूआबाला पुढं बोलावलं. "सावडीत यांचा दिवस किती धरता, आजोबा?"

आबा ताठ झाला. त्याच्या न्यायाबद्दल त्याला सरकारनं प्रथमच विचारलं होतं. "पुरा! अर्धा धरला तर ह्यो भांडतुय."

"तो लाकडी पाय आणा."

"घरात न्हाई, साहेब," हिरा म्हणाली.

"कणगीच्या मागं आसंल," अंबाजी खाली बघत म्हणाला. "ऊन लागून तडकू नये म्हनून मीच तितं ठिवाया सांगितलंतं."

शिपायानं खूर आणला. घडवताना अंबाजीच बांधून बघायचा, म्हणून सवयीनं तोच गुडघे टेकून बसला. दातांनी डाव्या बोटाचा पट्टा आवळला. वाटीत घोंगडी सारखी केली. मांडीचा पट्टा ओढला आणि खुंटी दगडानं ठोकली.

"हितं दुखतंय?" त्यानं विचारलं.

सावळा दुसरीकडं बघत उठला.

तो खाचरात उतरला. वकील बांधावरून त्याच्याकडं रोखून बघत होते. सावळानं मनाशी ठरवलं होतं, चार पावलं टाकायची, हळूच खुंटी उपसायची, आणि कोसळायचं. त्यानं हात मांडीशी नेला. खुंटी हलेना. सकाळच्या पाण्यानं लाकूड फुगलं होतं आणि अंबाजीनं ती मनापासून ठोकली होती. मग त्यानं तिरका पाय टाकून अंगच झोकून दिलं. खुराची बोटं फाकली, चिखलात घट्ट रोवली गेली, आणि सावळा उभा राहिला. त्यानं दुसऱ्या बाजूला झोक दिला. खुरानं तोही पेलला. एवढ्या माणसांसमोर एक माणूस पडण्यासाठी जिवाचा आटापिटा करत होता, आणि अंबाजीचं लाकूड त्याला पडू देत नव्हतं. सगळ्यांनी दगा दिला तेव्हा एवढं एक इमानदार निघालं, आणि त्यानंच घात केला.

मधेच एक भाताचं चूड वाऱ्यानं आडवं झालेलं दिसलं. सावळा वाकला, ते सरळ केलं आणि बुडाशी चिखल दाबला. दाबून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय केलं.

"शाबास," मामलेदार म्हणाले. ते मनापासून म्हणाले. वर आलेल्या सावळाच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. "माणूस असा पुन्हा उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. आणि हे तुम्ही केलंत?" त्यांनी अंबाजीलाही शाबासकी दिली. मग खिशातून पेन काढलं.

हिरा रिकाम्या पाठीनं पुढं निघून गेली होती. आता तिला कुणाला न्यायचं नव्हतं.

खाचरं अंबाजीच्या नावावर लागली. किंमत ठरली, ती हप्त्यांनी यायची होती, आणि हप्ते त्यांच्या चालीनं येत होते. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. आषाढात एका सकाळी अंबाजी वाडीवर आला. सावळाच्या ओट्याशी उभा राहिला. ये म्हणालं नाही कुणी.

"कोंडूआबानं सांगितलंय, उद्याची सावड माज्याकडं. तुजा दिवस पुरा धरलाय."

"आन् फेडाया माज्याकडं कुनी यायचं? कुटं?"

अंबाजीनं वळून खाली बघितलं. खालच्या खाचरांत पाणी चकाकत होतं. सावडीत दिवसाच्या बदल्यात दिवस द्यायचा, तर घेणाऱ्याला शेत लागतं, हे दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं. फक्त आतापर्यंत त्याचा विचार करायची पाळी आली नव्हती.

"रोजानं ये मंग," अंबाजी अगदी हळू म्हणाला.

हिरा आतून बाहेर आली. तिच्या काखोटीला बोचकं होतं. "आमी लोनावळ्याला चाललोय," ती म्हणाली. "तुंगार्लीच्या बंगल्यात भांड्यांचं काम हाय मला. ह्यास्नी बी हाय कायतरी."

अंबाजीनं मान हलवली. मग त्यानं कनवटीतून काहीतरी काढून ओट्यावर ठेवलं. रबरी टोपी होती. वर चिखल सुकलेला, पण शाबूत.

"नांगरताना घावली."

सावळानं ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि आढ्याला टांगलेल्या कुबड्या हिराला काढायला सांगितल्या. उजव्या कुबडीला टोपी बसली. मग त्यानं मांडीची खुंटी उपसली. आज ती एका ओढीत निघाली. खूर त्यानं अंबाजीपुढं सरकवला.

"न्हे."

"आरं, तुज्या मापाचा हाय त्यो. दुसऱ्या कुनाच्या काय कामाचा?"

"तितं चिखल न्हाई."

अंबाजीनं खूर उचलला. पट्टे त्याच्याच भोवती नीट गुंडाळले, आणि खांद्यावर टाकून तो उतरणीला लागला. घाटातून सावळाला आणलं होतं, तो खांदा हाच.

तुंगार्लीचा रस्ता पावसानं धुऊन काळाशार झाला होता. कुबड्या त्यावर फार छान चालत होत्या. न रुतता, न घसरता, टोक-टोक वाजत. त्या ज्या जमिनीसाठी केल्या होत्या, त्या जमिनीवर सावळा अखेर येऊन पोचला होता. बंगल्याच्या बाईंनी कुबड्या ओळखल्या. अजून कशा टिकल्यात, असं त्या दुसऱ्या बाईंना कौतुकानं सांगत होत्या. काम फाटकाशी राखणीचं होतं. फाटकाच्या आत, भिंतीच्या सावलीला, एक लाकडी स्टूल ठेवलेलं होतं.

"बस," बाई म्हणाल्या.

सावळा बसला.